तुझ्या ताटातला लाल माठ

आये, तुला वाचता येत नव्हतं. गावात कोणाचं पत्र आलं की ते मीच वाचून दाखवायचो आणि तू दाराशी उभी राहून ऐकायचीस, जणू ते पत्रही मीच लिहिलं होतं. तेव्हा हे पत्र लिहायचं मी आणि वाचायचंही मीच. पोस्टात टाकायचा प्रश्न येत नाही. तरी शाईनं लिहितोय, आणि खाडाखोड झाली तर पान बदलणार आहे, कारण अर्धवट काम तुला चालत नसे आणि मलाही चालत नाही.

तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तेव्हा तुझं वय नक्की किती होतं ते घरात कोणालाच सांगता येईना. बा नुसतं "चाळिशीच्या आतबाहेर" म्हणाला होता. मला असं आतबाहेर खपत नाही, म्हणून एकदा बसून काढलं. चौदाव्या वर्षी तू या घरात आलीस, पहिली दोन जगली नाहीत, पाच वर्षांनी मी झालो, आणि मी एकोणीसचा असताना तू गेलीस. म्हणजे अडतीस. मी येत्या वैशाखात एकोणचाळीस पुरी करीन, आणि मग मी तुझ्यापेक्षा मोठा होईन. हे कळल्यापासून मन थाऱ्यावर नाही. इतकी वर्षं वाटायचं, तू पुढे कुठेतरी आहेस आणि मी मागून येतोय. आता तूच मागे राहणार.

मी पनवेलला एका दवाखान्यात कंपाउंडर आहे. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या वर्षी तिथं बाटल्या धुवायला लागलो. माझी शाळा किती झाली ते तुला ठाऊकच आहे. इंग्रजी मी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून शिकलो, आधी अक्षरं, मग औषधांची नावं, मग त्यांचे गुण-अवगुण. डॉक्टरांनी टाकून दिलेलं एक जाडजूड पुस्तक मुंबईहून आणलेल्या डिक्शनरीच्या मदतीनं सहा वर्षांत वाचून काढलं. माझ्या हातचं मिक्श्चर कधी गढूळ होत नाही, आणि बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवतो तिच्या खाचा मोजपट्टीनं पाडतो, नजरेनं नाही. गावाकडच्या बायका मला डाक्टर म्हणतात, तर दर वेळी सांगतो की बाई, मी कंपाउंडर आहे. जे आपलं नाही ते आपण घेऊ नये. आणि या बायकांना औषधाबरोबर एक वाक्य मी गेली कित्येक वर्षं न चुकता देत आलो आहे: पोरांना पालेभाजी घाला, फळ घाला, नुसत्या भातावर वाढवू नका.

तर आता ऐक. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. उशिरा झाली, एकुलती आहे, आणि हनुवटी तुझी घेऊन आली आहे. आषाढात तिला गोवर आला. गोवर उतरला, अंगावरचे डाग गेले, आणि त्यानंतर आठेक दिवसांत ती दिवेलागणीला अडखळायला लागली. उंबऱ्याला ठेच लागायची, पाट दिसायचा नाही. एकदा तिनं भिंतीवर हात फिरवत फिरवत खुंटीवरचा फ्रॉक शोधला. तिच्या आईला वाटलं अशक्तपणा आहे. मी तिला सकाळच्या उन्हात ओट्यावर बसवली, पापणी वर केली, आणि डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर मला तो ठिपका दिसला. साबणाचा फेस वाळून बसावा तसा. आये, हा ठिपका मी दुसऱ्यांच्या पोरांच्या डोळ्यांत डॉक्टरांच्याही आधी ओळखला आहे, आणि त्या पोरांच्या आयांना कडक शब्दांत बोललो आहे. रातांधळेपणा. पोटात हिरवं-पिवळं काही जात नाही त्या पोराला होतो. डॉक्टरांनी तपासलं आणि मी दुसऱ्यांना जे सांगतो तेच मला ऐकवलं. माशाचं तेल दे, पालेभाजी दे, पपई दे, आणि उशीर करू नकोस. एकदा बुबुळावर गेलं की मग माझ्याही हातात काही नाही.

दोष माझाच होता. आमच्या लहानपणी पाव फक्त आजाऱ्याला मिळायचा. मी तिला रोज पाव आणायचो, बिस्किटं आणायचो. तिनं भाजी सरकवली की मी म्हणायचो, नको तर राहू दे. पाला खाऊन आम्ही वाढलो, हिला कशाला. कंपाउंडरच्या मुलीच्या डब्यात बिस्किट असलं की मला बरं वाटायचं. बाहेर एक सांगायचो आणि घरात दुसरं करायचो, आणि त्यात काही विपरीत आहे हे ठिपका दिसेपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नाही.

मग मी माझ्या पद्धतीनं कामाला लागलो. तेल चमच्यानं द्यायचो, ती ओकायची. पपई आणली, तिच्या सारख्या आकाराच्या सोळा फोडी केल्या, सकाळी आठ आणि दुपारी आठ. भिंतीवर तक्ता लावला, फोड खाल्ली की त्यात फुली मारायची. चार दिवस तक्ता फुल्यांनी भरला आणि मी खूश होतो. पाचव्या दिवशी पाण्याच्या हंड्यामागून मुंग्यांची रांग निघाली. तिथं पपईच्या फोडी होत्या, वाळलेल्या, काही कुजलेल्या, नीट एकावर एक रचून ठेवलेल्या. तिची आई हसली. मला हसू आलं नाही. मी मुलीला ओरडलो, आणि ती त्या दिवशी भातसुद्धा जेवली नाही.

आणि मग मी अळूचं केलं. हे तुला सांगायला लाज वाटते, पण सांगतो. एका पुस्तिकेत वाचलं होतं की भाजी फार शिजवली की तिच्यातलं सत्त्व जातं, शिजवलेलं पाणी फेकू नये. शिवाय औषध चालू असताना आंबट वर्ज्य, हे तर आम्ही कंपाउंडर लोक झोपेतही सांगू. म्हणून मी तिच्या आईला बजावलं की अळू फक्त सात मिनिटं चुलीवर ठेवायचं आणि चिंच अजिबात घालायची नाही. मी घड्याळ घेऊन उभा राहिलो. ती शिरढोणकडची, आगऱ्याचीच मुलगी, परसात अळू घेऊन वाढलेली. ती म्हणाली, अवो, चिंचेबगार अळू खाजतं, पोरालासुद्धा ठाव असतं. मी म्हणालो, मला शिकवू नकोस. पहिला घास मी जबरदस्तीनं मुलीला भरवला आणि दुसरा मी खाल्ला. पुढचं सांगायला नको. पोर घसा धरून रडतेय, मी खाकरतोय, डोळ्यांतून पाणी, आणि तिची आई चिंचेचा कोळ घेऊन आधी पोरीकडे धावली, मग माझ्याकडे. सगळं शांत झाल्यावर ती आवाज न चढवता एवढंच म्हणाली, "तुमी बाटलीतलं मोजा. चुलीवरचं माज्यावर सोडा." पण नुकसान होऊन गेलं होतं. त्यानंतर मुलीनं हिरव्या रंगाला तोंडच लावलं नाही. कोथिंबिरीचं पान दिसलं तरी ताट लोटायची. संध्याकाळी मी दिवा लावायच्या आधी तिच्यासमोर बोटं धरायचो, किती म्हणून विचारायचो. ती अंदाजानं सांगायची. कधी बरोबर, बहुतेकदा चूक. आणि चुकली की मला राग येऊ नये म्हणून हसायची.

त्या दिवसांत तू सारखी आठवायला लागलीस. आठवण काही चांगली नव्हती, हेही लिहायला हवं.

आपलं घर मला दिसतंय. जर्मनीची लढाई चालू आहे, भात सरकारजमा होतंय, रॉकेल मिळत नाही. मी अकरा वर्षांचा आहे आणि धाकटी बहीण पाच वर्षांची. विहिरीजवळच्या तुकड्यात तू लाल माठ, मुळा आणि वांगी लावली आहेस, सकाळी पाटी भरून पनवेलच्या बाजारात नेतेस आणि जे उरतं ते संध्याकाळी घरी आणतेस. त्या माठाचा लालसर रस हातांना लागलेला असतो. चुलीवर लसूण पडतो, लसणावर माठ, आणि मग तू एक अशी गोष्ट करतेस जी आमच्या गावात कोणतीही बाई करत नव्हती. घरातल्या बायकांनी सगळ्यांत शेवटी जेवायचं, पुरुष आणि पोरं उठली की तव्यात-टोपात राहिलं असेल त्यावर. तू मात्र पहिली बसतेस. तुझं ताट घेतेस, सगळी भाजी, टोपातली झाडून सगळी, आपल्या ताटात वाढून घेतेस आणि दाराकडे पाठ करून जेवायला लागतेस. आमच्या पुढ्यात नुसता भात आणि सुकटीचं पाणी. तू एकेक घास असा खातेस की पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. बोटं चाटतेस. मग धाकटी सरकत सरकत तुझ्या मांडीपाशी येते, तिच्यामागून मी. आम्ही मागतो. तू नाही म्हणतेस. आम्ही पुन्हा मागतो. तू इकडे तिकडे बघून, जणू कोणी पाहील म्हणून, एक घास तिच्या तोंडात घालतेस आणि एक माझ्या.

"एकच हां," तू म्हणतेस. "मना उरला पायजे."

आणि आम्ही तुला उरू द्यायचो नाही. ताटात हात घालायचो, तू हात मारायचीस, आम्ही पुन्हा घालायचो. शेवटी ताट पुसलेलं असायचं. आजी उंबऱ्यात बसून हे रोज बघायची आणि रोज बोलायची. सून कसली, अवदसा हाय. पोरं उपाशी बसलीत नि हिच्या पुढ्यात पयलं ताट. बा मान खाली घालायचा. मला तुझा राग यायचा. सगळ्यांच्या आया शेवटी जेवतात, आमची पहिली जेवते. माझी आई खादाड आहे, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आणि एक दिवस ते मी बोललो. आठवतंय ना तुला? तुला आठवत नसेल तर बरं. बाजारात मी तुझ्या पाटीशी बसलो होतो. तुझ्या शेजारी ती बसायची, बारीक, उंच, वालाच्या शेंगा विकायची, तिला आम्ही काकी म्हणायचो. एक बामणीण माठ बघत होती, काकीनं सहज माझी थट्टा केली की एवढा माठ रोज खातोस म्हणून गाल लाल झालेत काय. आणि मी ठणकावून म्हणालो की आम्हाला कुठं मिळतोय, आमची आयच आमच्या आधी जेवते, सगळी भाजी तीच खाते, आम्हाला मागून घ्यावी लागते. पलीकडच्या बायका हसल्या. कोणीतरी म्हणालं, तरीच पाटीत माठ कमी असतो. ती बामणीणसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. तूही हसलीस. नंतर वाकलीस आणि पाटीतल्या माठावर पाणी शिंपडायला लागलीस, आणि बराच वेळ पाणीच शिंपडत राहिलीस. काकी तेवढी हसली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

परतताना खाडीच्या बांधावरून तू पुढे आणि मी मागे. रिकामी पाटी डोक्यावर. मला वाटत होतं आता मार बसणार. तू अर्ध्या वाटेवर थांबलीस, वळली नाहीस, आणि म्हणालीस, "घरातलं जेवन बाजारात वाडायचं नसतं, बाला." एवढंच. पुढे चालायला लागलीस. मला वाटलं, आता उद्यापासून ही सगळ्यांसारखी शेवटी जेवेल. दुसऱ्या दिवशी तू पहिलीच बसलीस. फरक इतकाच केलास की दाराकडे पाठ केली नाहीस. तोंड दाराकडे करून, सगळ्या आळीला दिसेल अशी बसलीस आणि बोटं चाटत जेवलीस.

आता दवाखान्यात इतकी वर्षं काढल्यावर दुसरीही एक गोष्ट आठवते, जिच्याकडे तेव्हा लक्ष गेलं नव्हतं. त्या वर्षांत आपल्या आळीतली पोरं संध्याकाळी पडायची. रॉकेल नसल्यामुळे घरं अंधारीच, त्यामुळे कोणाला दिसत नाही हे कोणाच्या ध्यानात यायला वेळ लागला. शेजारच्या घरातल्या मुलाचा एक डोळा पांढरा झाला तो कायमचा. आपल्या घरात धाकटी अंधारात विहिरीपर्यंत पळायची. पण ही दोन टोकं मी जोडली नाहीत. बाटलीवर खाचा मोजणाऱ्या माणसाला एवढं साधं गणित सुटलं नाही.

तू गेल्यावर दर भाद्रपदात अविधवा नवमीला तुझं पान वाढतो. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते पानात असावं, म्हणून पहिल्या वर्षापासून मी लाल माठ करायला लावला. आधी धाकटी करायची, तिचं लग्न होऊन ती मोरा गावी गेल्यावर काही वर्षं मीच केला, मग तुझी सून. चुकवला नाही कधी. आणि कावळा दरवर्षी उशीर लावायचा. आम्ही हात जोडून उभे, भात गार, आणि कावळा कौलावर बसून दुसरीकडे बघतोय. माणसं म्हणायची, बाईची काही इच्छा राहिली. मी दरवर्षी मनातल्या मनात निरनिराळी वचनं द्यायचो.

यंदा नवमीच्या सकाळी बाजारात माठ घ्यायला गेलो. काकी अजून बसते. पाठीत वाकली आहे, दात नाहीत, पण जुडी बांधते ती अशी की पान हलत नाही. एवढा माठ कशाला म्हणाली. मी सांगितलं, आईचं पान आहे, तिला आवडायचा. काकी माझ्याकडे बघत राहिली, अगदी त्या दिवशी बघितलं होतं तशी.

"तुज्या आयशीला?" ती म्हणाली. "तिला माठाचा वास बी सोसायचा नाय, पोरा. लगीन होऊन आली तवापासून. पाटी वाहायची तर नाकाला पदर लावायची."

मी म्हणालो, काकी, तुम्ही दुसऱ्या कोणाचं सांगताय. माझ्या डोळ्यांसमोर खायची, रोज. काकी म्हणाली, खायची ना. पहिला घास खायची नि पानी प्यायची. तुम्हाला दाखवायला खायची. पोरं पाल्याला शिवत नाहीत, मारून खात नाहीत, मग काय करू, म्हणून तीच मला विचारत होती, आणि मग तीच एक दिवस म्हणाली की पोरांना जे आईच्या ताटातलं चोरून मिळतं तेच गोड लागतं, बघते आता. मी म्हणालो, पण आजी एवढं बोलायची, मी स्वतः बाजारात बोललो, मग एकदा तरी सांगायचं. काकी जुडी बांधत होती. "सांगितलं आसतं तर तुमी खाल्ला आसता काय?" ती म्हणाली. आणि जुडी माझ्या हातात देत, मी न विचारताच, "कावला शिवल कसा मग? तिला भाजलेला बोंबील आवडायचा."

मी दवाखान्यात न जाता तळ्याच्या काठी जाऊन बसलो. अकरा वाजेपर्यंत बसलो. एकोणीस वर्षं, आये. एकोणीस वर्षं मी तुला तुझ्या नावडीची भाजी वाढत आलो, हात जोडून, आणि तू आली असशील तर नाकाला पदर लावून परत गेली असशील. मला त्या क्षणी एकच हवं होतं, फार साधं: तू समोर असावीस, ताट घेऊन, आणि मी मागावं, आणि तू नाही म्हणावंस. मोठ्या माणसाला असं काही हवं असू नये. पण होतं.

यंदा तुझ्या पानात भाजलेला बोंबील ठेवला. तुझी सून म्हणाली, पितरांच्या पानात असलं ठेवतात काय. मी म्हणालो, माझ्या आईच्या पानात ठेवतात. कावळा नेहमीसारखाच उशिरा आला. तेव्हापासून माझा कावळ्यावरचा विश्वास उडालाय आणि काकीवरचा वाढलाय.

माठाची जुडी उरली होती. त्याच दिवशी संध्याकाळी, ऊन असतानाच, ती करायला सांगितली आणि चुलीकडे फिरकलो नाही. भाजी झाली तशी सगळी माझ्या ताटात घेतली आणि सगळ्यांच्या आधी जेवायला बसलो. आता तुला एक गोष्ट सांगून टाकतो: मलाही माठ आवडत नाही. तुझ्या ताटाबाहेर मला तो कधीच आवडला नाही, आणि तू गेल्यानंतर नवमीचा एक घास सोडला तर मी खाल्लाही नव्हता. मी तुझ्यासारखी बोटं चाटली. मिटक्या मारल्या. मुलगी दाराशी उभी राहून बघत होती. मी तिला बोलावलं नाही, तुझा नियम पाळला. ती आली, बसली, माझ्या तोंडाकडे निरखून बघत राहिली, आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला नाही आवडत ना?"

मी घास गिळला आणि पाणी प्यायलो. खोटं बोलायचं सगळं तयार होतं. पण ते बोललं गेलं नाही. मी म्हणालो, नाही आवडत.

"मग कशाला खाता?"

"माझी आई खायची. तिलाही माठ आवडत नव्हता."

तुझ्याबद्दल मी तिला कधी काही सांगितलंच नव्हतं. तुझा फोटो नाही, दाखवायला काही नाही. तिनं विचारलं, मग ती का खायची? मी सांगितलं की आम्ही खावं म्हणून. आम्हाला वाटायचं ती आमची भाजी खाते. तिनं पुन्हा विचारलं, मग तुम्ही तिला काय म्हणालात? मी ताटाकडे बघत बसलो. माझ्या डोळ्यांना काय झालं होतं ते तिला दिसलं असेल किंवा नसेल, उजेड कमी व्हायला लागला होता. ती जवळ सरकली, माझ्या ताटात चाचपडत हात घातला, चिमूटभर माठ उचलला, नाक दाबलं आणि खाल्ला. तोंड वाकडं केलं. मग मला म्हणाली, आता तुमचा. असं आम्ही आळीपाळीनं ती भाजी संपवली, दोघांनी नाक दाबून. तिची आई चुलीपाशी बसून बघत होती. तिनं घड्याळाबद्दल एक शब्द काढला नाही, हे तिचे उपकार.

त्यानंतर रोज. माठ, शेवग्याचा पाला, चिंच घातलेलं अळूसुद्धा, एक तिचा घास, एक माझा. पपई मी आता मोजून कापत नाही, आणि तक्ता काढून टाकला. तेलही ती घेते, पण आधी मी एक चमचा घ्यायचा, अशी तिची अट आहे. ते तेल इतकं वाईट लागतं हे मला अठरा वर्षं बाटलीत भरूनही ठाऊक नव्हतं. दिवाळीच्या आसपास डोळ्यातला ठिपका निवळला. तेलानं की पाल्यानं, ते सांगता येणार नाही. डॉक्टर तेलानं म्हणतात आणि ते माझ्यापेक्षा जास्त शिकलेले आहेत. मागच्या आठवड्यात मी दवाखान्यातून आलो तेव्हा दिवेलागण झाली होती, घरात अजून दिव्याचं बटण दाबलं नव्हतं. ती आतल्या भिंतीशी बसली होती, मी दारात. तिथून म्हणाली, बाबा, तुमच्या शर्टाचं वरचं बटण दुसऱ्या काजात घातलंय. मी खाली बघितलं. होतं तसंच. मी दिवसभर तसाच काउंटरवर उभा होतो.

एक राहिलं, ते लिहून हे पत्र संपवतो. आता गावाकडची बाई पोराला घेऊन आली आणि पोरगं खात नाही म्हणाली की मी जुनं वाक्य सांगत नाही. मी सांगतो, बाई, आधी तुझं ताट घे. पोरांच्या आधी बस, सगळी भाजी तुझ्या ताटात घे, आणि पोरानं मागितली तर लगेच देऊ नकोस. सासू बोलेल, बोलू दे. बायका एकमेकींकडे बघतात, हसतात, पण काही जणी करून बघतात आणि पुन्हा येऊन सांगतात. परवा एकीनं सगळ्यांसमोर विचारलं, डाक्टर, हे कुठल्या पुस्तकात लिवलंय? मी डॉक्टर नाही, कंपाउंडर आहे, एवढं मी तिला लगेच सांगितलं. पुस्तकाबद्दल काही बोललो नाही. बाटलीला बूच लावत राहिलो. खुद्द डॉक्टरसुद्धा आतून म्हणाले, आमचा कंपाउंडर वाचतो फार. तेव्हाही बोललो नाही. उद्यापासून सगळ्यांना सांगेन की हे माझ्या आईचं आहे, असं इथे लिहिणार होतो. पण विचारणाऱ्या बाईचं तोंड आठवलं, आणि ऐकताना माझी मान कशी ताठ झाली होती ते आठवलं. सांगेन असं वाटत नाही, आये.